एकाहत्तर वर्षांचा बोका

बाबांच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस एका पावतीपासून सुरू झाला, आणि त्या पावतीवर बाबा मांजर होते.

झालं होतं असं. काही दिवसांपासून बाबांच्या डाव्या काखेत लिंबाएवढी गाठ आली होती आणि दिवस कलला की अंगात कणकण भरायची. घरच्या डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली, जीभ पाहिली, मग हातावरचे ओरखडे पाहून विचारलं, "घरात मांजर आहे का?"

"घर तिचंच आहे," बाबा म्हणाले. "आम्ही तिच्याकडे राहतो."

मांजर आईनं आणलेलं. जिन्याखाली भिजून थरथरत बसलेलं पिल्लू टॉवेलात गुंडाळून ती वर घेऊन आली होती. बाबांनी तिचं नाव ठेवलं पाहुणी, कारण येताना 'दोन दिवसांपुरती' म्हणून आली होती. पाहुणीला खेळायला दोरा नको, चेंडू नको, बाबांचा डावा हात हवा. डॉक्टरांनी समजावलं की मांजराच्या ओरखड्यातून कधी कधी एक जंतू शिरतो, गाठ येते, ताप येतो, बहुतेकांचं आपोआप बरं होतं. खात्री करायची तर रक्त तपासायचं. त्या जंतूशी लढायला शरीर प्रतिपिंडं तयार करतं, ती रक्तात किती आहेत ते मोजतात. "हल्ली सगळं यंत्र करतं," डॉक्टर म्हणाले, "माणसाचा हातसुद्धा लागत नाही."

हे वाक्य त्यांनी दुसऱ्या कुणापुढे उच्चारलं असतं तर चाललं असतं. बाबांची सगळी नोकरी वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून गेली होती. खोटे तराजू पकडता पकडता त्यांचा यंत्रजातीवरचा विश्वास पार उडाला होता. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडेही ते संशयिताकडे बघावं तसं बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक त्यांना लॅबमध्ये घेऊन गेली. लेक म्हणजे एकुलती एक. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, आईवडिलांजवळ राहणारी, वाचन दांडगं, बोलणं बेताचं. लॅब चकचकीत होती, आत हुडहुडी भरेल इतकी थंड. काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठी वाचली, तपासणीचं नाव शोधलं, आणि कॉम्प्युटरनं जी तपासणी पुढे केली तिच्यावर बटण दाबलं. लॅबमध्ये जनावरांचंही रक्त तपासत; नावात मांजर होतं म्हणून कॉम्प्युटरनं ती पशुविभागातली दिली, इतकंच. पावती छापून आली: रुग्णाचा प्रकार मांजर, लिंग नर, वय एकाहत्तर वर्षे.

लेकीच्या लक्षात लगेच आलं. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक, हे तिला नोकरीनं शिकवलं होतं. ती दुरुस्ती करायला वळली, तर बाबांनी पावती खिशात घातली.

"राहू दे. इतकी वर्षं संसार केला, कुणी दखल घेतली नाही. पहिल्यांदा कुणीतरी ओळखलंय."

"बाबा, घोटाळा होईल पुढे."

"रक्ताला वाचता येतं का? आधी तुझ्या आईला दाखवतो, मग कर काय करायचं ते." मग काउंटरकडे वळून त्यांनी खात्याच्या जुन्या आवाजात विचारलं, "यंत्र शेवटचं कधी तपासलं?"

"ऑटोमॅटिक आहे काका."

"तराजूही ऑटोमॅटिकच असतो. माल ठेवला की आपोआप खोटं बोलतो."

परत येताना त्यांनी जिन्यात भेटेल त्याला पावती वाचून दाखवली. आईनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "शोभतं का या वयात?" बाबा म्हणाले, "बोक्याला सगळं शोभतं." दुपारी झोपले, संध्याकाळी खुर्ची खिडकीशी ओढून बसले, पाहुणीशी हुज्जत घातली, रात्री थोडंसं जेवले. वेगळं असं काहीही घडलं नाही. सकाळी आईनं आत नेलेला चहा तसाच परत आला.

डॉक्टर आले. हृदय, म्हणाले. झोपेतच. 'झोपेतच' हा शब्द मग दिवसभर घरात असा फिरला की जणू बाबांना कसलं बक्षीस लागलं होतं. सगळ्यांना कळवायचं काम इमारतीच्या सेक्रेटरींनी आपण होऊन घेतलं. सेक्रेटरींना या कामात गती होती. टाकी धुवायची असल्यानं पाणी येणार नाही, हेही ते त्याच जड आवाजात सांगत, त्यामुळे ऐकणाऱ्याला निम्मी बातमी आवाजावरूनच कळे. लेकीला कुणालाच काही सांगावं लागलं नाही. तिला भेटायला येणारा प्रत्येक जण आधीच सगळं ऐकून आलेला असे. ती फक्त मान हलवी.

माणसं भेटायला आली की थोडा वेळ गप्प बसतात, मग त्यांना गप्प बसवत नाही. सुरुवात वरच्या काकूंनी केली. काकू तशा मनानं चांगल्या. त्यांच्या तोंडाला मात्र कडी नव्हती.

"काखेत गाठ होती ना? मग हृदय कसं एकदम?" त्या म्हणाल्या. "केस पोटात गेला असेल हो मांजराचा."

"केसानं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "नखात असतं. प्राण्याचं विष सावकाश चढतं, आणि चढलं की थेट इथे." त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. वैद्यकाशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांचा मेहुणा औषधांच्या दुकानाशेजारी राहतो.

मामाचा फोन आला, तोही नेमका स्पीकरवर. मामानं ओळखीतल्या एका मोठ्या डॉक्टरला विचारलं होतं. "तो म्हणाला क्वचित होतं असं. हृदयाच्या झडपेवर बसतो म्हणे तो जंतू. क्वचित हं, अगदी क्वचित." मामाला वाटलं, आपण 'क्वचित' दोनदा म्हणून धीर दिला.

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होती. सगळे गेल्यावर ती उठली, स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. पाहुणी बाहेर कठड्यावर होती, ती बाहेरच राहिली.

"मी आणलं तिला," आई म्हणाली.

"आई, असं काही नसतं."

"तुला काय माहीत?"

"वाचलंय मी."

"काय वाचलंयस?"

लेकीनं खरंच वाचलं होतं. हा आजार बहुतेकांना फार त्रास देत नाही हे मोठ्या अक्षरात होतं. काहींच्या हृदयाच्या झडपेला धरतो, हे त्याच पानावर खाली बारीक अक्षरात होतं. वाचणाऱ्या माणसाची हीच तर पंचाईत, बारीक अक्षर गाळता येत नाही. उत्तर द्यायला तिला क्षणभर उशीर झाला. आईला तेवढा उशीर पुरला. त्या दिवसापासून आई जवळजवळ बोलेनाशी झाली. पुढ्यात ठेवलेलं अन्न ती बोटांनी इकडचं तिकडे करी आणि उठे. कठड्यावरून पाहुणी ओरडली की कान झाके. ती दिवसेंदिवस अशी आटत चालली होती की लेकीला ग्रंथालयात बसून भीती वाटे.

तेव्हा लेकीनं ठरवलं, बाबांचं रक्त लॅबमध्ये आहे, रिपोर्ट आणायचा. त्यात बाबांना हा आजार नव्हताच असं आलं, तर आईला लेखी सुटका मिळेल. काकूंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बैल गेला नि झोपा केला. आता रिपोर्ट काय करायचाय?" लेक लॅबकडे निघाली. तिला वाटलं होतं, जाता जाता उचलून आणायचा कागद आहे.

काउंटरवरच्या मुलीनं नाव टाकलं, पुन्हा टाकलं. "या नावाचा पेशंट नाही, ताई."

"मांजरांत बघा," लेक खालच्या आवाजात म्हणाली.

मांजरांत बाबा होते. नमुना मात्र अडवून ठेवलेला होता. कॉम्प्युटरच्या मते मांजर एकाहत्तर वर्षांचं असू शकत नाही. वय मर्यादेबाहेर. यंत्राकडे पाठवण्याआधीच त्यानं नळी बाजूला काढली होती आणि तेव्हापासून ती फ्रीजमध्ये पडून होती.

"मग वय बदला."

"वय बदलून कसं चालेल? वय बरोबर आहे ना?"

"मग मांजर बदला."

"ते माझ्या हातात नाही. पेशंटला ओळखपत्र घेऊन यायला सांगा. ते स्वतः आले की मी माणसांत घेते. पेशंट कुठे आहेत?"

"घरी," लेक म्हणाली.

सवयीनं तोंडातून गेलं. इतकी वर्षं या प्रश्नाचं हेच उत्तर होतं. ते दुरुस्त करायला तिनं तोंड उघडलंही होतं, पण मुलगी मायेनं पुढे विचारायला लागली.

"ताप आहे का अजून?"

"नाही."

"उतरला ना? बरं झालं. जेवण जातं का?"

"नाही."

"होतं असं. झोप?"

"शांत."

"मग येतील ते दोन दिवसांत."

लेक बाहेर आली आणि फुटपाथवर उभी राहिली. एकही उत्तर खोटं नव्हतं. घरी हा शब्द सोडला तर. परत आत जाऊन खरं सांगावं असं तिला वाटलं, पण मग तिनं विचार केला, पेशंट नाही म्हटल्यावर ही माणसं ती नळी ठेवतील कशाला? ओतून देतील. बाबांचा तेवढाच भाग अजून रांगेत उभा होता.

पुढल्या खेपेला बाबांचे पाय दुखत होते. त्याच्या पुढल्या खेपेला त्यांना बाहेरचा वारा सोसत नव्हता. मुलगी बिचारी कंटाळली आणि तिनं दुसरी वाट सुचवली. पशुविभागाच्या डॉक्टरांनी लिहून द्यावं की हा रुग्ण आमचा नाही. मग नमुना आपोआप माणसांकडे वर्ग होईल.

जनावरांचे डॉक्टर मागच्या अंगाला वरच्या मजल्यावर बसत. बाकावर एक कुत्रा, एक झाकलेला पिंजरा आणि त्यांची माणसं अशी रांग होती, तीत लेक जाऊन बसली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचं कुठंय?" ती म्हणाली, "आणलेलं नाही." बाईंनी सुस्कारा सोडला. "आमचंही यायला तयार नसायचं."

डॉक्टर शिस्तीचे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "रुग्ण बघितल्याशिवाय मी लिहून देत नाही."

"तो मांजर नाही, एवढंच लिहायचंय."

"तेच तर. बघितल्याशिवाय कसं लिहू?"

"डॉक्टर, ते माझे वडील आहेत."

"असतील. लोक काय काय सांगतात इथे. एक गृहस्थ कासवाला भाऊ म्हणतात." डॉक्टर अजिबात विनोद करत नव्हते. "फोटो तरी आहे का?"

तिनं फोन काढला आणि त्यांच्यापुढे धरला. बाबा खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. डॉक्टरांनी फोटो मोठा केला, चष्मा वर केला, खाली केला.

"चष्मा आहे," ते म्हणाले.

"हो."

"लिहितो."

त्यांनी लिहिलं, 'छायाचित्रावरून सदर रुग्ण मांजर वाटत नाही.' 'वाटत नाही' या शब्दांखाली त्यांनी रेघ मारली, म्हणजे उद्या काही निघालं तर अंगाशी यायला नको. लेकीनं फोन घेतला आणि स्क्रीनकडे न बघता पर्समध्ये टाकला. बाबा घरी असते तर हा कागद त्यांनी चौकट करून भिंतीवर लावला असता, हे तिच्या मनात आलं. जिना उतरताना तिला काही पायऱ्या दिसल्याच नाहीत.

अशा रीतीनं बाबा माणसांत आले. आता रिपोर्ट मिळायला हवा होता. घोडं पुन्हा अडलं.

"मशीन लावायला नमुने जमावे लागतात," मुलगी म्हणाली. "या तपासणीचं किट एकदा फोडलं की लवकर संपवावं लागतं. एका माणसासाठी नाही फोडत."

"पण यंत्र तर स्वयंचलित आहे."

"आहे ना. सुरू केलं की सगळं आपोआप होतं."

"आणि सुरू कधी होतं?"

"दहाबारा जण जमले की. सध्या तुमचे वडील एकटेच आहेत. या आजाराला गिऱ्हाईक नाही ताई."

आई त्या संध्याकाळी पाणीसुद्धा मागायला विसरली. लेकीनं ग्लास हातात दिला तर ती म्हणाली, "त्यांना विचारलंस?" आणि मग आपण काय बोललो ते कळून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. लेक बराच वेळ दारात उभी होती. गिऱ्हाईक नाही म्हणजे काय, असं तिला त्या यंत्राला जाऊन विचारावंसं वाटत होतं.

गिऱ्हाईक सेक्रेटरींनी मिळवून दिलं, अर्थात न कळत. त्यांनी इमारतीची सभा बोलावली. विषय एकच, मांजराचा बंदोबस्त. 'नुकत्याच घडलेल्या दुःखद घटनेच्या पार्श्वभूमीवर' मांजर इमारतीत नको, असं त्यांचं म्हणणं. सर्वांनी माना डोलावल्या. मग पकडायचं कोणी हा प्रश्न आला आणि सगळ्यांच्या माना थांबल्या. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याचा प्रश्न जगात पूर्वीपासून लोंबकळत आहे, तो या सभेत सुटेल अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती.

लेक आजवर कुठल्याच सभेत बोलली नव्हती. त्या दिवशी ती उभी राहिली.

"मांजर गेलं तरी ज्यांना व्हायचं त्यांना होऊन गेलं असेल," ती म्हणाली. "कुणाला थकवा येतो का? डोकं दुखतं? भूक मंदावलीय? अंगात कसर?"

ती ग्रंथालयात 'पुस्तकं वेळेवर परत करा' सांगते त्याच स्वरात सांगत होती. थकवा सगळ्यांनाच होता. डोकं तर सभा सुरू झाल्यापासूनच दुखत होतं. काकूंनी हळूच काखेत हात घालून पाहिला.

"रक्ताची एक तपासणी असते," लेक म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी इमारत लॅबमध्ये होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सेक्रेटरी 'साखर तपासायला आलोय' असं प्रत्येकाला न विचारता सांगत होते. किट फुटलं, यंत्र सुरू झालं.

यंत्राला एक गोष्ट जमत नाही. आब राखणं. ज्यांनी मांजराविरुद्ध सभा बोलावली होती, त्या सेक्रेटरींच्या रक्तात प्रतिपिंडं भरभरून निघाली. आजार नव्हता, पण रिपोर्टात म्हटलं होतं की संपर्क जुना आणि वारंवार असावा. तेव्हा कळलं की सेक्रेटरी रोज सकाळी फिरायला जाताना मीटरच्या खोलीमागे पाहुणीला मासे घालत. "यंत्र बिघडलेलं आहे," ते म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्या हातावरच्या ओरखड्यांकडे बघितलं आणि हो म्हटलं. काकूंचा रिपोर्ट मात्र अगदी कोरा आला, आणि त्या दुखावल्या. "कोरा कसा? रोज दूध मी घालते. मांडीवर घेते. म्हणजे माझी मायाच नाही का?" त्या लॅबकडे पुन्हा तपासा म्हणून भांडायला जाणार होत्या. मांजर हटवायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आणि बाबांचा रिपोर्ट तयार झाला.

"पण ताई, तुमच्या हातात नाही देता येणार," काउंटरवरची मुलगी फोनवर म्हणाली. "पेशंटचा प्रकार बदललेला आहे ना, म्हणून मोठे डॉक्टर स्वतः बोलणार. पेशंटनं यायचं, नाहीतर त्यांच्या मिसेसनी. तुम्ही वडिलांना एवढं जपता, पण एकदा तरी बाहेर काढा त्यांना."

लेक आईजवळ येऊन बसली. "आई, रिपोर्ट आलाय. तुला यावं लागेल."

"मला कशाला?"

"बाबा नाहीतर तू. तसा नियम आहे."

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"काही नाही," लेक म्हणाली. "ते घरी आहेत, एवढंच मी म्हटलं."

आईनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, काय होतं ते लेकीला तेव्हा कळलं नाही. मग आई म्हणाली, "बरं," आणि उठली. तिनं तोंड धुतलं, केस विंचरले, बाहेर जायच्या चपला शोधून काढल्या. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. लेकीला हायसं वाटलं. रिक्षात आईनं खिडकीबाहेर बघत विचारलंसुद्धा, "ही दुकानं कधी झाली इथे?"

काउंटरवर मुलीनं ओळखपत्रं पाहिली. "हे तुमचे कोण?"

"नवरा."

"मला लिहावं लागतं म्हणून विचारते हं काकू, राग मानू नका. माणूसच आहेत ना?"

"बहुतेक वेळा," आई म्हणाली.

मुलगी हसली. लेकही हसली. आई बऱ्याच दिवसांनी आईसारखी बोलली होती.

मोठे डॉक्टर आतल्या खोलीत बसले होते. त्यांनी खुर्च्या पुढे केल्या, कागद आईच्या बाजूला वळवला आणि पेन एका आकड्यावर टेकवलं.

"यंत्र आकडा देतं. आकडा या खालच्या रेषेखाली असला तर आजार नाही म्हणतो, या दुसऱ्या रेषेच्या वर असला तर आहे. तुमच्या मिस्टरांचा बरोबर मधे आहे."

"मधे म्हणजे?" लेकीनं विचारलं.

"म्हणजे सांगता येत नाही. मांजर पाळणाऱ्या बऱ्याच जणांत थोडंफार निघतंच. आजार ताजा असेल तर आकडा काही आठवड्यांत चढतो. जुनं असेल तर आहे तिथेच राहतो. म्हणून दुसरा नमुना घ्यायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. एका आकड्यावरून मी तुम्हाला काही सांगितलं तर ते खोटं ठरेल." त्यांनी कागदाची घडी घातली. "मधे वेळही बराच गेलाय. ते बरंच झालं, आता फरक स्पष्ट दिसेल. त्यांना घेऊन या, लगेच होऊन जाईल."

लेकीनं खुर्चीची कड धरली. इतक्या खेपा, इतकी उत्तरं, जनावरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, आख्ख्या इमारतीचं रक्त, आणि शेवटी यंत्रानंही तेच विचारलं होतं. पेशंट कुठे आहेत.

"आणते ना," आई म्हणाली.

लेकीनं वळून बघितलं. आई ताठ बसली होती. तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

"उद्या सकाळी आणते," आई म्हणाली. "उपाशीपोटी लागतील का?"

"छे, खाऊन आले तरी चालेल."

"मग ठीक आहे. त्यांना उठल्या उठल्या चहा लागतो, नाहीतर चिडचिड करतात. आणि दुसरा आकडा वाढलेला नसला म्हणजे मांजराचं काही नाही ना?"

"मग मांजराचं काही नाही."

"नसणारच वाढलेला," आई म्हणाली. "रात्री अगदी बरे होते."

डॉक्टरांनी वही ओढली आणि उद्याची वेळ लिहायला सुरुवात केली. आई त्यांच्या पेनाकडे बघत होती, लहान मूल मिठाईच्या पुड्याकडे बघतं तशी. लेकीला उद्याची सकाळ दिसली. आई लवकर उठेल, चहा टाकेल, कप भरेल आणि आत नेईल. घरी आहेत म्हणून लॅबला सांगताना तिला वाटलं होतं, ही थाप काउंटरच्या अलीकडे येणार नाही. ती आली होती, चांगली घरात येऊन बसली होती. आणि बाबा गेले हे सांगायला दुसरं कुणी नव्हतं. सेक्रेटरी इथे नव्हते.

"डॉक्टर, लिहू नका," ती म्हणाली.

पेन थांबलं. आईनं टेबलाखालून तिचा हात घट्ट धरला. "हळू बोल," ती म्हणाली.

लेकीनं आवाज खाली घेतला नाही.

"आई, बाबा वारले. आता कुणाचंही रक्त काढून ते कशानं वारले हे कळायचं नाही, मलाही नाही, या यंत्रालाही नाही. तुझ्यामुळे नाही, एवढं मला माहीत आहे आणि त्याला मला कागद नको. बाबा वारले. आणि मला ते अजून हवे होते."